टिकटिक चालू आहे तोवर

शाळेच्या व्हॅनची मागची सीट अधूनमधून उचलून बघावी. खाली काय सापडत नाही? डब्यांची झाकणं, एकेकटे मोजे, चघळलेल्या पेन्सिली, एकदा तर कुणाचा तरी पडलेला दात, कागदाच्या पुडीत नीट बांधून ठेवलेला. कुणी टाकलं म्हणून विचारावं तर कुणीच नाही. रोज थोडं थोडं साठत जातं आणि एक दिवस सीट नीट बसेनाशी होते.

किश्श्यांचं तसंच आहे. मी काही बोलका माणूस नाही. टपरीवर चहा पिताना इतरांचं ऐकतो, हसतो आणि ग्लास जागेवर ठेवून निघतो. पण हे इतकं साठलंय की आता माझी सीट बसत नाही. म्हणून सांगतोच. यातल्या बऱ्याचशा गोष्टी मल्हार नावाच्या एका मुलाच्या आहेत. आमच्या व्हॅनमधली त्याची जागा जायची वेळ आली होती, त्या दिवसांतल्या.

तर मी धायरी ते कोथरूड शाळेची व्हॅन चालवतो. नाव गणेश, वय चोवीस. नववीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि आता रोज शाळेच्या दारात जातो, तेही वेळेवर. लग्न झालेलं नाही, पण व्हॅनमधली मुलं मला काका म्हणतात. मुलं म्हणतात म्हणून त्यांचे आईबाबा म्हणतात, आणि आईबाबा म्हणतात म्हणून आजोबासुद्धा. पंचाहत्तरीचा माणूस आपल्याला "अहो काका" म्हणतो, तेव्हा कुठे बघावं तेच कळत नाही.

*

गेल्या जूनमध्ये शाळेत एक नवा तास सुरू झाला. नाव 'बोलका तास'. तो केतकी मॅडम घेतात. भांडण झालं की हात उगारायचा नाही, रुसून बसायचं नाही, चुगली करायची नाही. तीन वाक्यं बोलायची. मला काय वाटलं. कशामुळे वाटलं. आता मला काय हवंय. संपलं.

मॅडमचं म्हणणं असं, की निम्मी भांडणं वर्गात होतच नाहीत, ती व्हॅनमध्ये होतात. म्हणून एका दुपारी त्यांनी आम्हा सगळ्या व्हॅनवाल्यांनाही त्या तासाला बोलावलं. पहिलीच्या वर्गातले बाक, आम्ही धट्टेकट्टे सहा जण, गुडघे छातीला टेकलेले.

"कोण सुरुवात करणार?" मॅडमनी विचारलं.

सगळे फळ्याकडे बघायला लागले. मी बाकाखाली चपला बघत होतो. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, पण ही सवय काही गेली नाही.

शेवटी सोपानमामा उठले. हे मूळचे धायरी गावातले, आमच्यातले सगळ्यात जुने. मामांनी घसा साफ केला.

"मला भूक लागलीय. कशामुळं, तर तुम्ही जेवणाच्या टायमाला बोलावलं. आता मला काय पायजे, तर सोडा."

आम्ही माना खाली घातल्या. मॅडम मात्र टाळ्या वाजवायला लागल्या. "बघा, किती स्पष्ट सांगितलं मामांनी. कुणाला दुखावलं नाही, काही लपवलं नाही."

आणि खरंच सोडलं. बाहेर आल्यावर मामा मला हळूच म्हणाले, "गण्या, हे चालतंय की रे."

*

पहिल्या आठवड्यात मुलांनी ती तीन वाक्यं दगडासारखी वापरली.

ओम पहिलीत आहे. ईरा तिसरीत आहे, पण बोलते अशी, की जणू मीच तिच्या वर्गात आहे. एके सकाळी खिडकीच्या जागेवरून दोघांचं जुंपलं. ओमने बोट वर केलं आणि सुरू झाला, "मला राग आलाय. कारण ईराने माझी खिडकी घेतली. आता मला हवंय की ईराला ताप यावा."

"असं नाही मागायचं," ईरा म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय, समोरच्याला देता येईल असंच मागायचं."

ओमने बराच विचार केला. "मग तुझा डबा दे."

"भेंडी आहे."

"खिडकी राहू दे तुलाच."

मी आरशात बघून हसत होतो, पण माझी पाळी लगेच आली. ईरा म्हणाली, "काका, मघाशी तुम्ही 'गप बसा रे' म्हणालात ना, ते तिन्हीपैकी कितवं वाक्य होतं?"

*

आता लाल बटणाची गोष्ट. ही सांगायची मला फार घाई झालीय.

राजाराम पुलाच्या अलीकडे झाडांची एक नर्सरी आहे, तिच्यासमोर रस्ता जरा रुंद होतो. तिथे एकदा चाक पंक्चर झालं. मी व्हॅन अगदी कडेला घेतली आणि डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. चारही इंडिकेटर एकदम लागतात, ते बटण. टिक टिक टिक टिक सुरू झालं आणि काय सांगू, मागचा सगळा कालवा बंद. सगळी मुलं कान देऊन बसली.

"काका, हा आवाज कसला?"

"दिव्यांचा. मागच्या गाड्यांना सांगायचं असतं, की आमची गाडी अडचणीत आहे, जरा सांभाळून घ्या."

"मग ते सांभाळून घेतात?"

मी मागे पाहिलं. मागचा माणूस हॉर्न वाजवून वाजवून दमला होता. "घेतात," म्हटलं. "थोड्या वेळाने घेतात."

मी चाक बदललं, मुलांना शाळेत सोडलं, विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी नर्सरी जवळ आली तशी मागून ईराचा आवाज आला. नेहमीचा हुकमी आवाज नाही, अगदी बारीक.

"काका, ते टिकटिक लावा ना."

"का गं? गाडी ठीक आहे."

"गाडी ठीक आहे. मी अडचणीत आहे."

मी व्हॅन कडेला घेतली. बटण दाबलं. टिकटिक चालू झाली आणि ईराने सांगितलं, की तिच्या जिवलग मैत्रिणीने कालपासून दुसऱ्या मुलीशेजारी बसायला सुरुवात केलीय. मैत्रीण आमच्या व्हॅनमध्ये नव्हती, कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. सगळे नुसते ऐकत होते. शेवटी ओमने आपल्या डब्यातली एक शंकरपाळी काढून तिच्या हातावर ठेवली. ईराने ती खाल्ली आणि म्हणाली, "चला."

त्या दिवसापासून नियमच झाला. ज्याला बोलायचंय त्याने सांगायचं, मी नर्सरीसमोर थांबायचं, आणि टिकटिक चालू आहे तोवर बोलणारा एकच. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. केतकी मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. "हे मला का नाही सुचलं?" असं त्या दोनदा म्हणाल्या. मी दोन दिवस हवेत होतो.

*

फक्त एक माणूस खूश नव्हता. ईराचे आजोबा.

आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. पेठेतून धायरीला राहायला आले त्याला बरीच वर्षं झाली, पण अजून "आम्ही सध्या इकडे असतो" असं सांगतात. धायरीची भाजी त्यांना मान्य नाही. पिशवी घेऊन बसने मंडईला जातात. व्हॅन थोडी जरी उशिरा आली की घड्याळाकडे न बघता विचारतात, "काय काका, शाळा आजचीच ना?"

नर्सरीपाशी थांबायचो म्हणून दुपारी उशीर व्हायचा. एकदा त्यांनी कारण विचारलं. मी खालमानेने सांगितलं, की मुलं भावना व्यक्त करत होती.

"असं का," आजोबा म्हणाले. "आमच्या वेळी भावना घरी ठेवून शाळेत जायचे. गाड्या वेळेवर असत."

*

नर्सरीसमोर थांबण्यावरून एकदा ट्रॅफिक हवालदारांनीही गाठलं. काचेवर टकटक.

"काय झालं? बंद पडली?"

मी आधी लायसन्सच शोधायला लागलो. खाकी कपडे दिसले की माझं असंच होतं. उत्तर ईराने दिलं. "बंद नाही पडली. ओम आणि या दादाचं भांडण झालंय, त्यांचं ऐकतोय."

हवालदारांनी आत डोकं घातलं. भांडण रबरी चेंडूचं होतं. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि म्हणाले, "चेंडू याचा. दे रे त्याला."

"काका, निकाल नाही द्यायचा," ईरा त्यांना म्हणाली.

"मग मी काय करायचं?"

"ऐकायचं."

ते खरंच ऐकत उभे राहिले. हेल्मेट काखेत, मान तिरपी. तेवढ्यात मागून एका मोटरसायकलवर तिघं जण गेले, हवालदारांनी वळूनही पाहिलं नाही. भांडण मिटलं तेव्हा त्यांनी व्हॅनच्या टपावर थाप मारली आणि मला म्हणाले, "जा. आणि उद्यापासून जरा अजून आत घ्या गाडी, रस्ता अडतो."

उद्यापासून म्हणाले. म्हणजे परवानगीच की ती.

*

आता मल्हार.

मल्हार दुसरीत आहे. त्याचे आईबाबा वाशीमकडचे, यंदाच इकडे आले. बाबा चाकणच्या कंपनीत, पहाटे निघतात. आई कोथरूडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते, तीही सकाळी लवकर जाते. शेजारच्या काकू मल्हारला व्हॅनमध्ये बसवून देतात. व्हॅन ईराच्या सोसायटीच्या फाटकाशी थांबते, तिथूनच तो चढतो. स्कूलबस त्या गल्लीत वळत नाही आणि दुसरी व्हॅन तिकडे येत नाही. म्हणजे आमची जागा गेली, तर त्याला ने-आण करायला कुणीतरी घरी पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे आई. म्हणजे तिची नोकरी गेलीच.

मल्हार बोलायचा नाही. टिकटिक लावली तरी नाही. पण त्याला चिडवलं, ढकललं, की चावायचा. अगदी कचकन. आधी एकाला चावला, मग दुसऱ्याला, आणि मग ईराच्या मनगटाला.

त्या दुपारी आजोबांनी ईराचा हात धरून मला ते दातांचे व्रण दाखवले. "वरचे दोन दात पडलेले दिसतात," ते म्हणाले. "पुढच्या वेळी येतील तोवर."

मग पालकांच्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला. शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमावे. विषय: त्या मुलाला व्हॅनमध्ये ठेवायचे की नाही. व्हॅनवाल्या काकांनीही यावे.

मल्हारच्या आईने मला फोन केला. वैशालीताई त्यांचं नाव. "दादा," त्या म्हणाल्या, त्या एकट्याच मला दादा म्हणतात, "घरी तर तो लय बोलते हो. बोलून बोलून डोकं उठवते. तिथंच काहून चूप बसते, समजत नाही. तुम्ही सांगा ना त्यायले. मले तर सुट्टी भेटत नाही शनिवारची."

मी "हो" म्हणालो. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. माणसांसमोर उभं राहून बोलायचं, तेही आजोबांसमोर.

*

मी सोपानमामांचा सल्ला घ्यायला गेलो. मामा टपरीवर बसले होते, जरा पडलेल्या चेहऱ्याने.

"तीन वाक्यं घरात वापरून बघितली," ते म्हणाले.

"मग?"

"बायकोला म्हणलं, मला वाईट वाटलं. ती म्हणली, कुठं दुखतंय? म्हणलं, दुखत न्हाय, वाईट वाटलं. तर तिनं कपाळाला हात लावून बघितला, थोरल्याला हाक मारली आणि म्हणली, तुझ्या बापाला दवाखान्यात न्यायला लागतंय."

"नेलं?"

"नेलं की. डॉक्टर म्हणला, काय होतंय? आता त्याला परत पहिल्यापास्नं सांगायचं व्हय? म्हणलं, खोकला हाय."

मामांनी खिशातून खोकल्याची बाटली काढून दाखवली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "पण तू बोल. तू बोललास तर लोकं ऐकतील. कधी बोलत न्हाईस ना, म्हणून."

*

शनिवार. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या. मुलं पलीकडे खेळत होती. मी तीन वाक्यं पाठ करून आलो होतो, आरशासमोर, व्हॅनमध्ये, आंघोळ करताना.

कुणी मला बोलू दिलं तर ना. सगळे एकदम बोलत होते. एक आई म्हणत होती, मुलाला डॉक्टरांना दाखवा. एक बाबा म्हणत होते, पैसे काय चावून घ्यायला भरतो का आम्ही. तिसऱ्याचं मत, की चूक शाळेची. चौथा पार्किंगच्या गळतीबद्दल बोलत होता, त्याला वाटलं सोसायटीचीच मीटिंग आहे. आणि मधोमध आजोबा, हाताची घडी घालून: "विषय सोपा आहे. तो राहणार असेल तर आमची नात जाणार नाही."

ईरा गेली असती तर तिच्या इमारतीतली दोघंही गेली असती. मग माझी व्हॅन काय, नुसती हवा घेऊन जाणार होती. पण खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात वैशालीताईंचाच फोन होता.

मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "म... मला..." एवढंच आलं आणि त्या गोंगाटात बुडून गेलं.

मग पाय आपोआप चालायला लागले. मी व्हॅनपाशी गेलो, दार उघडलं आणि लाल बटण दाबलं.

टिक टिक टिक टिक.

पलीकडे खेळणारी मुलं होती तिथून पळत आली. ओमचा चेंडू घरंगळत गेला, त्याने पाहिलंही नाही. सगळी व्हॅनसमोर ओळीने बसली, पार्किंगच्या फरशीवर, आणि गप्प झाली. मुलं अशी गप्प झालेली आईबापांनी कधी पाहिली नव्हती. मोठी माणसंही हळूहळू गप्प झाली. गळतीवाले गृहस्थ शेवटी थांबले, कारण ओमने मागे वळून त्यांच्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

दिवे लागत होते, विझत होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला भीती वाटतेय," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच. "कारण मल्हारची जागा गेली तर त्याच्या आईची नोकरी जाईल, आणि तो का चावतो ते आपल्याला कधीच कळणार नाही. आता मला... मला थोडा वेळ हवाय. तो बोलेपर्यंत."

आजोबांनी चष्म्यावरून दिव्यांकडे पाहिलं.

"बॅटरी उतरेल," ते म्हणाले. "बंद करा ते. पंधरा दिवस दिले."

*

पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही हो. रोज नर्सरीपाशी थांबायचो. मल्हार खिडकीबाहेर कुंड्या बघत बसायचा. केतकी मॅडम म्हणाल्या, घाई करू नका, विचारू नका, फक्त थांबत राहा. मी थांबत राहिलो. नर्सरीचा माळी आता आम्हाला ओळखून हात करायला लागला होता, पण मल्हार काही बोलेना. मुदत संपत आली. ज्या संध्याकाळी पालक पुन्हा जमणार होते, तिच्या आदल्या दिवशीची गोष्ट.

ओम मल्हारच्या शेजारी बसला होता. त्याने न विचारताच मल्हारच्या दप्तरातून खोडरबर काढलं. मला आरशात दिसलं. मल्हारचा जबडा आवळला. मान ओमच्या हाताकडे वळली. ईरा ओरडली, "ओम, हात!" मी ब्रेकवर पाय ठेवला. आणि मल्हार म्हणाला,

"काका, लावा."

पहिला शब्द. व्हॅनमध्ये बोललेला त्याचा पहिला शब्द, निदान मी ऐकलेला. नर्सरी थोडी पुढे होती, तिथवर कसा पोचलो मलाच माहीत. बटण दाबलं.

टिक टिक टिक टिक.

मल्हार खाली बघत बोलायला लागला.

"मले राग नाही येत. मले लाज वाटते. मी बोललो का तुम्ही समदे हासता. फाटकापाशी गाडीची वाट पाहताना ईराचे आजोबा रोज मले थांबवतात, असं नाही म्हणाचं, असं म्हण, अन् पुन्हा बोलाले लावतात. मंग समदे पुन्हा हासता." तो थांबला. तिसरं वाक्य राहिलं होतं हे त्याच्या लक्षात होतं. "मले काय पाह्यजे, तर मी बोलतो तसं बोलू द्या."

मागून रिक्षावाला हॉर्न मारत गेला. आत कुणीही हसलं नाही.

शेवटी ओमने विचारलं, "मग खोडरबर घेऊ की नको?"

"घे ना," मल्हार म्हणाला. "पण वास नको घेऊ त्याचा. संपते."

त्यानंतर तो जो सुटला, तो शाळेपर्यंत थांबलाच नाही. त्याच्या वाशीमच्या घराजवळची विहीर, तिच्यातलं कासव, ते कासव एकदा कसं रस्त्यावर आलं होतं आणि एसटी कशी थांबली होती. ओमचं तोंड उघडंच राहिलं होतं. आम्ही इतके उशिरा पोचलो, की शाळेच्या वॉचमनने मला विचारलं, "मुलं न्यायला आलात की सोडायला?" मी त्याला चक्क मिठी मारली. बिचारा घाबरला.

फक्त ईरा गप्प होती. जाताना गप्प, दुपारी येतानाही गप्प. फाटकापाशी आजोबा उभे होते. एरवी ती दप्तर त्यांच्या हातात देऊन पळत सुटते. त्या दिवशी तिने दप्तर खाली ठेवलं, त्यांचा हात धरला आणि त्यांना बाकाकडे घेऊन गेली.

"आजोबा, बसा. मला तीन वाक्यं बोलायचीयेत."

मी व्हॅन वळवली. आरशात बाकावरचे आजोबा दिसत होते, आणि त्यांच्यासमोर उभी ईरा. ती बोलत होती, ते ऐकत होते. वळणावर दिसेनासे झाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेच्या आधीच फाटकाशी जाऊन थांबलो. त्या संध्याकाळी निकाल होता. रात्रभर मी नवीन तीन वाक्यं जुळवत होतो.

मल्हार चढला आणि कोपऱ्यात बसला. मग आजोबा आले, ईराला घेऊन. ईरा मुकाट्याने आत चढली. आजोबा रोज असतात त्या जागी, फाटकाच्या खांबापाशी, थांबले नाहीत. सरळ माझ्या खिडकीपाशी आले. दाढी केलेली, पायात बाहेर जायचे बूट, हातात मंडईची पिशवी.

"तुम्ही त्या नर्सरीपाशीच थांबता का?" त्यांनी विचारलं.

"हो आजोबा."

"इथे नाही चालत?"

"इथे थांबलेलोच आहोत की. चालतं. का बरं?"

आजोबांनी वाकून आत पाहिलं. मल्हारने मान खाली घातली. आजोबांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग व्हॅनचं मागचं दार सरकवलं आणि आत चढले. गुडघे छातीशी घेऊन मुलांच्या त्या छोट्या सीटवर, ईरा आणि मल्हारच्या मधे बसले.

"गणेश," ते म्हणाले. मला नावाने हाक त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मारली. "ते तुमचे दिवे लावा."

"काय झालं, आजोबा?"

"काही नाही. मी अडचणीत आहे."